हात पुरेल एवढी बाग

तिसऱ्या खेपेला मी माहेरी आले ती बैलगाडीत आडवी होऊन. उंद्रीला एस.टी.तून उतरले तर बाबा गाडी जुंपून उभेच होते. गाडीत त्यांनी गुडघाभर कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, पसरलं होतं, त्यावर दोन गोधड्या आणि उशाला घडी केलेलं घोंगडं. मी बसायला लागले तशी म्हणाले, "बसू नको, पड." एवढंच. मग स्वतः गाडीत न बसता ते बैलांच्या पुढे चालत निघाले. वाटेत दगड दिसला की पायाने बाजूला लोटायचे, खड्डा आला की बैलांची वेसण धरून गाडी कडेने काढायचे. आमचं गाव तिथून फार लांब नाही, पण त्या दिवशी वेशीत शिरलो तेव्हा उन्हं कलली होती. मी कुटारात पडून आभाळ बघत होते आणि दोन्ही हात पोटावर ठेवून आतल्या हालचालीची वाट बघत होते. चाकाचा हादरा कोणता आणि लेकराचा कोणता, तेच मला ओळखू येईना.

याआधी दोनदा माझी कूस भरली होती. पहिलं पाचव्या महिन्यात गेलं. दुसरा मुलगा, तो आठव्यात झाला, मलकापूरच्या आमच्या खोलीत. झाला तेव्हा रडला. मग दूध ओढेनासा झाला, अंग गार पडत गेलं आणि नाव ठेवायच्या आत गेला. आता पुन्हा सहाव्यात अंगावरून थोडं जायला लागलं, तेव्हा यजमान घाबरले. ते मलकापूरच्या एका जिनात, सरकी काढायच्या गिरणीत, कापूस तोलायच्या कामावर होते. आमची एकच खोली, पाणी बाहेरच्या नळावरून आणायचं, सासूबाई हयात नव्हत्या. डॉक्टरांनी "पडून राहा" म्हणून सांगितलं, पण पडून राहायचं तर घरात दुसरं बाईमाणूस हवं. मग यांनी गावी निरोप धाडला आणि मला एस.टी.त बसवून दिलं. माझ्याशेजारी गावचे एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांना हात जोडून हे म्हणाले, "हळू उतरवा." गाडी सुटेपर्यंत खिडकीचा गज त्यांनी सोडला नाही.

आपलं मराठी राज्य नवं होतं आणि आमच्या बाजूला सरकारी दवाखानाही नुकताच झाला होता. तिथल्या नर्सबाई दुसऱ्याच दिवशी मला बघायला आल्या. पांढरं पातळ, हातात कातड्याची पिशवी, बोलणं पुण्याकडचं. पोटाला नळी लावून त्यांनी बराच वेळ ऐकलं. त्या ऐकत होत्या तेवढा वेळ माय, म्हणजे माझी आई, दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"ठोके चांगले आहेत," त्या म्हणाल्या. "पण उठायचं नाही. डाव्या कुशीवर पडून राहायचं. पाणी भरायचं नाही, वाकायचं नाही, चुलीपुढे बसायचं नाही. न्हाणीपर्यंत जायचं, तेवढंच."

"किती दिवस?" मी विचारलं.

"होईपर्यंत."

मधल्या घरात अंधार असायचा. तिथे मी पडून राहिले. पडलेल्या माणसाला करायला काही नसलं की ते नुसतं ऐकत बसतं. मी माझंच पोट ऐकायची. पाखराने पंख झाडावा तसं काही झालं की बरं वाटायचं. ते थांबलं की पुढच्याची वाट. वाट लांबली की हाक मारायची, "माय, हालून नाही राह्यलं." माय थापती भाकरी टाकून पिठाच्या हातांनी यायची. "गूळ खा. पाणी पे. कूस बदलू नको." बोलायची धीराने, पण डोळे माझ्या पोटावरून हलायचे नाहीत. मग लेकरू हाललं की मी मान डोलवायची, आणि ती चुलीकडे परत जायची. तोवर तव्यावरची भाकरी करपलेली असायची.

तिने घरात एक दंडकच घातला होता. येणाऱ्या लेकराबद्दल बोलायचं नाही. मुलगा का मुलगी, कोणासारखं होईल, काही नाही. त्याच्यासाठी काही शिवायचं नाही, काही आणायचं नाही. शेजारची बाई जुनी दुपटी घेऊन आली, तर मायने ती ओट्यावरूनच परत केली. "मंग घेऊ," म्हणाली. "वख्त आल्यावर."

बाबा या सगळ्यात कुठेच नसायचे. ते परसात असायचे. दिवाळी होऊन गेली होती. अंबाडीची ताटं कापून त्यांनी नाल्याच्या डोहात भिजत घातली होती, ती आता काढून वाख, म्हणजे दोरासाठीची साल, सोलायचं काम चाललं होतं. सोललेला वाख भिंतीवर वाळत असायचा आणि त्याचा कुजका-गोडसर वास घरभर फिरायचा. बाबा फिरकीवर दोर वळायचे. मला आतून फक्त फिरकीचा आवाज यायचा. त्यांना एवढा दोर कशाला लागणार होता कोण जाणे. पण त्यांचे हात थांबलेले मी ऐकले नाहीत.

एक दिवस सकाळी करवतीचा आवाज आला. पाठोपाठ मायचा.

"अवो, काऊन कापून राह्यले चांगल्या बाजेचे पाय?"

"तिचा हात मातीले पुरला पाह्यजे."

"अशा वख्ती बाईनं मातीत हात घालावं काय?"

"बसून थोडीच घालते? पडल्या पडल्या घालन. तिथं अंधारात पडून पडून पोरगी भुतावानी दिसून राह्यली."

मागच्या पडवीत, जिथून परस सुरू होतं तिथे त्यांनी ती बाज मांडली. नव्या वाखाच्या दोराने कसून विणलेली, आणि पाय वीतभर राहिलेले. मला धरून तिच्यावर निजवलं. मी डाव्या कुशीला वळले आणि हात खाली सोडला, तर तळहात सरळ मातीवर टेकला. माझ्या डाव्या हाताशी त्यांनी तीन लांबट वाफे केले होते. माती चाळून मऊ केली होती, शेणखत मिसळलं होतं, आणि न्हाणीच्या पाण्याचा एक छोटा दंड, म्हणजे पाट, त्या वाफ्यांकडे वळवला होता. मला उजव्या कुशीवर पडायची मनाई होती, म्हणून उजवीकडे काहीच नव्हतं.

"काय लावू?" मी विचारलं.

"तुले काय खावं वाटते?"

मी मेथी सांगितली, लसूण सांगितला, आणि सांभार. कोथिंबिरीला आमच्याकडे सांभार म्हणतात. चौथं त्यांनीच लावलं. बाजेच्या पायथ्याशी वालाचं बी टोचलं आणि वाखाची एक बारीक दोरी जमिनीतून पडवीच्या आढ्यापर्यंत ताणून बांधली.

तेव्हापासून माझा दिवस बदलला. सकाळी ऊन पडवीत यायचं, तेव्हा मी मातीत बोटं घालून बघायची, ओल आहे का. मेथी उगवली तेव्हा दोन-दोन पानांची ती इवली रोपं एका रांगेत नव्हे, वाटेल तशी उगवली होती, आणि त्यांच्याकडे बघण्यात माझा तासभर जायचा. दाट झाली की हलकेच एखादं उपटायचं, मुळाची माती झटकायची, तोंडात टाकायचं. गवताची काडी दिसली की दोन बोटांत धरून, न तुटता मुळासकट काढायची. लसणाच्या पाकळ्या मी स्वतः खोचल्या होत्या. त्यातून हिरवं टोक वर आलं की त्याच्याभोवतीची माती मी नखाने सैल करायची. नखं काळी झाली. मायला ते आवडायचं नाही, पण माझं जेवण वाढलं होतं म्हणून ती चालवून घ्यायची.

भीती मात्र गेली नाही, तिला फक्त आणखी एक जागा मिळाली. सांभार उगवेना. मेथी बोटभर झाली तरी त्या वाफ्यात नुसती माती. मी रोज सकाळी डोळे उघडले की आधी तिकडे बघायची. माझ्या मनाने कधी ठरवलं ते कळलं नाही, पण सांभार आला तर सगळं नीट होईल, नाही आला तर नाही, असं काहीतरी आत बसलं होतं. कोणाला सांगायची सोय नव्हती. शेवटी न राहवून बाबांना विचारलं.

"बाबा, हे बी मेलं काय?"

त्यांनी वाफ्याजवळ उकिडवं बसून मातीचा वास घेतला. "धने रगडून टाकले होते का तू?"

"नाही. अख्खेच टाकले."

"मंग उशिरा निंगते. रगडले का लवकर, अख्खे टाकले का उशिरा. पण निंगते."

ते उठून गेले आणि मी तोंड फिरवून रडले. काही दिवसांनी तो उगवला. त्याच सकाळी कोंबड्यांनी अर्धा वाफा उकरला, आणि पडल्या जागेवरून मी एवढ्या जोरात ओरडले की माय हातात पळी घेऊन धावत आली. तिला वाटलं, झालं. कोंबड्या बघून ती मटकन खाली बसली. "मले मारतं काय वं असं वरडून," म्हणाली, आणि बराच वेळ छातीला हात लावून तिथेच बसून राहिली.

मायने लाखवातींचा नवस बोलला होता. लाख फुलवाती वळून देवापुढे लावायच्या. नवस कशासाठी ते तिने सांगितलं नाही आणि विचारायची गरजही नव्हती. शेतातल्या पहिल्या वेच्याचा, पांढराशुभ्र फुटलेला कापूस तिने निराळा ठेवला होता. तो ती माझ्या उशाशी ठेवायची.

"हात रिकामे ठेवू नको," म्हणायची. "रिकाम्या हाताचं डोकं चरत राह्यते."

सरकी बोटांनी दाबून काढायची, पानाचा कचरा वेचायचा, मग तो कापूस दोन्ही हातांनी हळूहळू उकलत जायचा. ओढला की विरळ होतो, पुन्हा जुळवून ओढला की आणखी विरळ, शेवटी हातात काही आहे की नाही असं वाटावं इतका हलका. एवढं माझं काम. वाती मी वळायच्या नाहीत, ते आंघोळ करून ती स्वतः करायची. बोटाला दूध लावून कापसाच्या चिमटीला एक पीळ, की झाली फुलवात. वळलेल्या वाती धुतलेल्या पंच्यात बांधून ती गाठोडं आढ्याला टांगून ठेवायची. त्याला कोणी हात लावायचा नाही. दुपारी आम्ही दोघी अशा बसायचो. वाल दोरीवर चढत होता. कापूस उकलताना माझ्या पोटातलं लेकरू लाथ मारायचं, आणि मी वर बघितलं की मायही माझ्याकडेच बघत असायची.

पण मला एक गोष्ट सोसवेना. सगळ्यांचे हात चालत होते, बाबांचे दोरावर, मायचे वातींवर, माझे मातीत, आणि ज्याच्यासाठी हे चाललं होतं त्याच्या नावाचा एक धागाही घरात नव्हता. मला वाटायचं, आत त्याला कळत असेल. आपली इथे कोणी वाट बघत नाही, असं त्याला वाटत असेल. म्हणून माय शेतात कापूस वेचायला गेली की मी गोधडीखाली लपवून कुंची शिवायला लागले. माझ्या लग्नातली एक चोळी सोबत आली होती, तिचं हिरवं खणाचं कापड. माप कशाचं घ्यायचं? मी माझ्या मुठीचं घेतलं. लाल दोऱ्याने कडेला बारीक धावदोरा घातला. गळ्याशी बांधायला दोन बंद. ते शिवताना मला जेवढं बरं वाटलं तेवढं त्या दिवसांत कशानेच वाटलं नाही, आणि जेवढी भीती वाटली तेवढीही कशाची नाही.

अंथरूण झटकताना ती मायच्या हाती लागली.

ती ओरडली नाही. कुंची हातात घेऊन बाजेच्या पायथ्याशी बसली. आधी तिने ती उलटसुलट करून पाहिली, टाके पाहिले. मग डोक्यातली पिन काढली आणि त्या पिनेने एकेक टाका उसवायला लागली.

"माय, नको."

"तुले आठवते काय, मागच्या खेपेले म्या काय काय आणलं होतं?" ती मान वर न करता म्हणाली. "दुपटी, झबली, तीन कुंच्या. मोती लावलेलं टोपडं. पेटी भरून घेऊन आली होती मलकापूरले. लेकरू गेलं, अन् ते सारं गाठोडं मीच उचललं. परत आणलं. एस.टी.त मांडीवर घेऊन बसली होती मी. बाया इचारे, कोणाचं हाय, कोणाचं हाय."

मला हे माहीत नव्हतं. त्या गाठोड्याचं काय झालं ते मी कधी विचारलंच नव्हतं.

"मंग?"

"मंग काय? पाल ठोकून राह्यलेली एक बाई आली होती दाराशी, कडेवर लेकरू होतं. देऊन टाकलं." तिने शेवटचा टाका काढला, कापडाचे तुकडे एकावर एक ठेवले, लाल दोरा बोटाभोवती गुंडाळला. तिच्या नाकाच्या शेंड्यावरून पाणी ओघळत होतं. "आता नको, पोरी. माह्याच्यानं नाही होत."

मी पुन्हा सुई हातात घेतली नाही.

पौषात वारा सुटला. सकाळी अंगणातल्या बादलीत हात घालवत नव्हता. वालाला गुलाबी-जांभळी फुलं येऊन शेंगा धरल्या होत्या, आणि त्यातल्या खालच्या शेंगा मी पडल्या पडल्या तोडत होते. दिवस भरायला महिन्याच्या वर अवकाश होता. एका सकाळी शेंगेला हात घातला आणि अंगाखाली एकदम ऊन-ऊन ओल झाली. मला वाटलं, दंडाचं पाणी बाजेवर आलं. मग कळलं.

"माय!"

या खेपेला ती धावत आली नाही. माझ्या आवाजावरूनच तिला समजलं असावं. तिथूनच ओरडली, "अवो, नर्सबाईले आणा!" बाबा अनवाणीच निघाले. पायताण घालायला थांबले नाहीत.

त्या दिवसाचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. बाजेसकट मधल्या घरात नेलं. मायने माझे दोन्ही हात धरले होते. नर्सबाई आल्या तेव्हा त्यांच्या पातळाला कुटार लागलेलं होतं, बाबांनी त्यांना गाडी पळवत आणलं होतं. दुपार व्हायच्या आत झालं. मुलगी. एवढीशी. अंगावर मास नाही, कातडी पातळ, आतल्या शिरा दिसत होत्या. रडली, पण ते रडणं मांजराच्या पिलासारखं. तो आवाज मी ओळखत होते. मागचाही असाच रडला होता.

नर्सबाईंनी तिला पुसलं, छातीशी धरलं आणि म्हणाल्या, "हिला ऊब पाहिजे. आत्ताच्या आत्ता."

"बुलढाण्याले नेऊ का? गाडी जुंपलेली हाय," दाराबाहेरून बाबा म्हणाले.

"या वाऱ्यात? वाटेतच गार पडेल. घरात कापूस आहे का? साफ केलेला, मऊ?"

कापूस घरात पोत्यांनी होता. पण तो शेतातून आलेला, सरकीसकट, पाल्याचा कचरा असलेला. तो साफ करायला दिवस गेला असता. गोधड्यांमधला जुना, कडक, घामाचा. नर्सबाई एकेकीकडे बघत होत्या. मी मायकडे बघितलं. ती आढ्याकडे बघत होती.

"माय," मी म्हणाले, "ते देवाचं हाय."

"देवाले मी सांगन."

तिने स्टुलावर चढून गाठोडं खाली ओढलं. गाठ सुटेना तर दातांनी सोडली. मग जमिनीवर पंचा पसरून, दोन महिने रोज आंघोळ करून, बोटाला दूध लावून वळलेल्या त्या वाती ती मुठी-मुठीने उचलून उकलायला लागली. एक पीळ उलटा दिला की वात मोकळी व्हायची. नर्सबाईही बसल्या. मग बाबा आत आले, बाळंतिणीच्या खोलीत बाप्यांनी येऊ नये हे विसरून, आणि त्यांच्या जाड बोटांनी तेही वाती उकलायला लागले. बघता बघता पांढरा ढीग झाला. त्यात तिला मानेपर्यंत गुंडाळलं, डोक्यालाही कापूस, वरून मायच्या जुन्या लुगड्याची पट्टी. नाक-डोळे तेवढे उघडे.

मग बाजेखाली शेगडी ठेवायची म्हणून माय निखारे घेऊन आली, तर बाज एवढी ठेंगणी की शेगडी खाली जाईना. "पाह्यलं?" ती बाबांवर उखडली. "पाह्यलं, कापून काय झालं?" बाबा बाहेर गेले आणि विटा घेऊन आले. आम्ही दोघी वर असतानाच त्यांनी एकेक कोपरा खांद्याने उचलून पायांखाली विटा सरकवल्या. कोणी हसलं नाही. आज आठवलं की मला हसू येतं.

ती ओढत नव्हती. वाटीत दूध काढायचं, कापसाचा बोळा भिजवायचा आणि तिच्या ओठांवर थेंब-थेंब पिळायचा. गिळलं की आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचो. नाही गिळलं की बोळा पुन्हा भिजवायचा. कापूस ओला झाला की बदलावा लागे, म्हणून दुसऱ्या दिवसापासून आळीतल्या बाया येऊन पडवीत बसायला लागल्या. आमच्या पोत्यातला कापूस घेऊन त्या सरकी काढायच्या, उकलायच्या. मोठ्याने कोणी बोलत नसे. आतून थोडी हालचाल झाली की सगळ्या हात थांबवून दाराकडे बघायच्या. एकदा ती निळसर पडली. नर्सबाईंनी शिकवलं होतं तसं मायने तिच्या तळव्यांना टिचक्या मारल्या, पाठ चोळली. कितीतरी वेळ काही नाही. आणि मग तिने एक उसासा टाकला. पडवीतल्या बायांपैकी कोणीतरी हुंदका दिला.

निरोप मिळाल्यावर हे आले. मलकापूरहून दवाखान्यातल्या कापसाचे, निळ्या कागदात गुंडाळलेले दोन मोठे पुडे घेऊन. दारातच थांबले. जिनात पोत्यांच्या राशीत वावरणारा माणूस, आणि कापसातला एवढासा चेहरा बघून पुढे येईना.

"या ना," मी म्हणाले.

"हात गार आहेत माझे," म्हणाले. मग शेगडीवर शेकून आले. तरीही हात लावला नाही. नुसते वाकून बघत राहिले. "काय वाटते तुला?"

"काही नाही सांगता येत."

त्यांना बसवेना. बाहेर गेले, आणि थोड्या वेळाने मला पाण्याचा आवाज ऐकू यायला लागला. बादलीवर बादली आणून ते माझ्या वाफ्यांना पाणी घालत होते. संध्याकाळी माय म्हणाली, मेथी पार आडवी झाली, लसणात चिखल झाला. "पण मी काही बोलली नाही," म्हणाली. "घालू द्या म्हटलं."

थंडी ओसरायला लागली तेव्हा एका दुपारी बोळा वाटीतच राहिला आणि तिने तोंड वळवून माझ्याकडे शोधायला सुरुवात केली. मी तिला जवळ घेतलं. आधी जमेना, मग जमलं. तिने ओढलं, तेव्हा दुखलं, आणि दुखतंय म्हणून मी मायला मोठ्याने हाक मारली. दुसऱ्या दिवशी माय माझ्या शेजारी बसून काहीतरी शिवत होती. बघितलं तर ते हिरवं कापड होतं. जुन्याच भोकांतून ती तोच लाल दोरा घालत होती.  नवसाच्या वाती तिने पुन्हा पहिल्यापासून धरल्या, त्या पुऱ्या व्हायला पुढची दिवाळी उजाडली.

बारसं खूप उशिरा केलं, तेही चार बाया बोलावून. शेतात गव्हाची सोंगणी चालू झाली होती. तोपर्यंत तिला आम्ही नुसतं "बाई" म्हणायचो. तिच्या अंगावर मास धरलं, मानेला वळी पडली, तरी माझा हात दर थोड्या वेळाने तिच्या नाकापाशी जायचा. नर्सबाईंनी शेवटचं तपासलं आणि म्हणाल्या, "आता ने घरी." मला ते ऐकून आनंद व्हायला हवा होता. मी विचारलं, "अजून थोडे दिवस राहू का?" त्या म्हणाल्या, "भीती कमी व्हायची वाट बघशील तर इथेच राहशील."

हे न्यायला आले. उंद्रीपर्यंत बाबांची गाडी, पुढे एस.टी., खामगावला गाडी बदलायची. दुसऱ्या गाडीत गर्दी होती. उन्हाची झळ आत येत होती आणि प्रत्येक थांब्याला धुरळा. मी पदराने तिला झाकायची आणि घुसमटेल म्हणून लगेच पदर उचलायची. हे समोर दांडा धरून उभे होते आणि कोणी धक्का मारून जाऊ नये म्हणून दोन्ही कोपर बाहेर काढून ठेवले होते. माझ्या शेजारी खिडकीला एक वयस्क बाई बसली होती. टोपलीत कांदे, तोंडात सुपारी. ती बराच वेळ आमच्याकडे बघत होती.

"पयलीच काय वं?" तिने विचारलं.

असं कोणी विचारलं की काय सांगायचं, हे मी कधी ठरवलं नव्हतं. मलकापूरला शेजारणी विचारायच्या नाहीत, त्यांना माहीत होतं. माहेरी तर सगळ्यांनाच माहीत. मी तिच्याकडे बघितलं, मग मांडीवरच्या मुलीकडे.

"तिसरी," मी म्हणाले.

समोर यांची मान वळली. त्या बाईने माझ्याकडे बघितलं, माझ्या आजूबाजूला बघितलं. दुसरं लेकरू कुठेच नव्हतं. तिने सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात घेतली. मग टोपली उचलून उठली.

"सरक इकडे," म्हणाली. "खिडकीशी बस. लेकराले हवा लागू दे."

मी सरकले. नांदुरा मागे पडलं. मुलगी जागी झाली, उजेडाकडे बघून डोळे मिचकावले आणि रडायला लागली. चांगली मोठ्याने, अख्ख्या गाडीला ऐकू जाईल अशी.